पास घोटत बसू की सोडून देऊ?

पत्र: मी तीन वर्षांपासून पत्त्यांची जादू करतो. प्रेक्षक म्हणजे घरची मंडळी, ऑफिसातले सहकारी, कधी एखाद्या समारंभातलं टेबल. डबल लिफ्ट, डबल अंडरकट, ओव्हरहँड शफलमधून पत्ता वर आणणं आणि दोन-तीन फोर्स एवढं येतं. आमच्या जादूप्रेमींच्या गटातले एक ज्येष्ठ म्हणतात, "पास येत नाही तो पत्त्यांचा जादूगारच नाही." म्हणून दोन महिने क्लासिक पास घोटतोय. आवाज येतो, आणि आरशात कॅट उडी मारताना दिसतो. आता एक व्हिडिओ कोर्स घ्यावा म्हणतो. त्यातला पास "पूर्णपणे अदृश्य" आहे, असं जाहिरातीत आहे. रोज अर्धा-पाऊण तास मिळतो. हात जरा लहान आहेत. शिकावा की नाद सोडावा? – पत्त्यांत अडकलेला

उत्तर आधी सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. आत्ता शिकू नका. कोर्सही घेऊ नका. पुढे कधीतरी शिकायची वेळ येईल, कदाचित येणारही नाही, आणि न आल्याने तुमचं काही बिघडणार नाही.

सदराचे सगळेच वाचक पत्ते हाताळणारे नाहीत, तेव्हा थोडं त्यांच्यासाठी. प्रेक्षक पत्ता निवडतो आणि कॅटच्या मधोमध परत ठेवतो. जादूगाराची डावी करंगळी त्या पत्त्याच्या वर एक बारीक फट राखून ठेवते, तिला ब्रेक म्हणतात. मग उजवा हात वरून आच्छादन धरतो आणि त्या आडोशाला फटीच्या वरचा भाग खाली, खालचा भाग वर अशी अदलाबदल होते. निवडलेला पत्ता सगळ्यात वर येतो. ही अदलाबदल म्हणजे पास. पत्रातली डबल लिफ्ट म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटून दाखवणं, ओव्हरहँड शफल म्हणजे हातातल्या हातात पत्ते पिसणं, आणि फोर्स म्हणजे आपल्याला हवा तोच पत्ता प्रेक्षकाला नकळत घ्यायला लावणं. गुपित फोडल्याचा आरोप माझ्यावर येऊ नये; दीडशे वर्षं हे छापून येतंय.

आता तुम्ही. डबल अंडरकट तुम्हाला येतो, म्हणजे पुढचा हिशोब तुम्ही हातात पत्ते घेऊन पडताळू शकता. फटीखालचे अर्धे पत्ते काढून वर ठेवले, मग उरलेले फटीपर्यंतचे काढून वर ठेवले. शेवटी कॅटचा क्रम काय झाला? फटीपाशी एकदाच काटला असता तर जो झाला असता, अगदी तोच. आणि पास केल्यावर? पुन्हा तोच. तिन्हींत एका पत्त्याचाही फरक नाही. पास म्हणजे कुणालाही न दिसलेला एक कट, बाकी काही नाही.

म्हणून "पास शिकावा का" हा प्रश्न मला फार मोठा आणि धूसर वाटतो. माझा प्रश्न छोटा आहे: तुम्ही करता त्या जादूंपैकी कोणत्या जादूत, प्रेक्षकाला कट दिसल्याने जादूचं नुकसान होतं?

एकेक घेऊन बघा. निवडलेला पत्ता शेवटी खिशातून निघतो, अशी जादू असेल तर मधे कॅट काटलेला दिसला म्हणून काय झालं? उलट बरंच झालं. पत्ते चांगले मिसळले, आता तो कुठे आहे हे या माणसालाही ठाऊक नाही, असं प्रेक्षक मनाशी धरून चालतो. तिथे पास करून तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेता, कारण न काटलेल्या, न पिसलेल्या कॅटमधला पत्ता शोधून काढणं कमी आश्चर्याचं. पत्त्याचं नाव मनातून ओळखायचं असेल, पत्ता उलटा सापडायचा असेल, दुसऱ्याच्या हाताखाली निघायचा असेल, तर बहुतेक वेळा हेच लागू होतं.

मग पास कुठे हवा? जिथे "मी काहीच केलं नाही" हाच जादूचा प्राण आहे तिथे. बदामाची सत्ती मधे गेली, हात जागचे हलले नाहीत, बोट टेकवलं आणि ती वर आली. इथे दोनदा काटत बसलात तर लहान मूलही सांगेल काय झालं. पण थांबा, वर येणाऱ्या पत्त्याची ही जादू तुम्ही आज कशी करता? डबल लिफ्टने. म्हणजे इथेही पासवाचून तुमचं अडलेलं नाही. पास मिळाला तर त्या जादूत एखादी फेरी अशी घालता येईल की ज्यात पत्ता खरोखर मधे जातो आणि जाताना समोरच्याला नीट दिसतो. ती फेरी सुंदर असते, हे मी मान्य करतो. पण एका फेरीसाठी किती महिने द्यायचे, हे ठरवणं तुमच्याकडे.

तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. 1876 साली इंग्लंडमध्ये प्रोफेसर हॉफमन या नावाने लिहिणाऱ्या वकिलाने जादूवर जाडजूड पुस्तक काढलं, त्यात पत्त्यांच्या हातचलाखीची सुरुवातच पासपासून होते. पुढे कित्येक वर्षं शिकणारे त्याच वाटेने गेले. त्या काळचा जादूगार बहुधा समोर रांगेत बसलेल्यांसाठी खेळ करायचा. तुमच्या टेबलाभोवती लोक तिन्ही बाजूंनी असतात आणि त्यातला एकजण मोबाइल उंच धरून उभा असतो. मोबाइलला "तुम्ही कुठून आलात?" असं विचारून त्याची नजर वर उचलता येत नाही, आणि घरी जाऊन तो चित्रफीत मागे-पुढे करून बघणार असतो.

शंका पूर्वीही होती. पत्त्यांच्या हातचलाखीवरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक 1902 सालचं, एर्डनेस या टोपणनावाने लिहिलेलं. लेखक नेमका कोण यावर अजून वाद चालू आहेत. हा माणूस जुगाराच्या टेबलाचा जाणकार. पासला तो शिफ्ट म्हणतो आणि त्याचे अनेक प्रकार शिकवतो, स्वतःचेही. तरी स्पष्ट लिहून ठेवतो की टेबलावरच्या सहज हालचालींत मिसळून जाईल, असा शिफ्ट अजून कुणी शोधलेला नाही. आणि हात स्थिर ठेवून करायला गेलात तर काहीतरी घडलं हे कळतंच. ज्याने हा प्रकार इतका मुळापासून अभ्यासला त्यानेच हे म्हणावं, याला वजन आहे. नंतर 1940च्या दशकाच्या अखेरीस ह्यूगार्ड आणि ब्रॉवे या दोघा लेखकांनी नवशिक्यांसाठी जो क्रम लावला, त्यात सुरुवात साध्या ओव्हरहँड शफलने होते आणि पास डबल लिफ्टच्याही मागून येतो. म्हणजे पहिल्या धड्यावरून पासची उचलबांगडी झाली, त्यालाही आता पाऊण शतक झालं. तुमच्या ज्येष्ठांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही. (त्यांना हे वाचून दाखवू नका. गट टिकायला हवा.)

तुमचं सध्याचं तंत्र कमी पडतंय की नाही, हे आरशाला विचारू नका, माणसांना विचारा. डबल अंडरकट वापरून एक जादू करा. दुसऱ्या दिवशी त्यातल्या कुणाला तरी सहज म्हणा, काल मी काय केलं ते अमक्याला सांग ना. मग गप्प बसून ऐका. बहुतेक वेळा ऐकू येईल: "मी पत्ता काढला, मधे ठेवला, आणि तो याच्या पाकिटात!" कट गायब. जे प्रेक्षकाच्या आठवणीतच उरलं नाही ते अदृश्य करायला महिने कशाला घालवायचे? समजा ऐकू आलं, "मग यानं पत्ते इकडे तिकडे केले आणि...", तरी लगेच पासकडे धावू नका. बहुधा पत्ता परत ठेवल्या-ठेवल्या तुम्ही काटायला घेताय. पत्ता आत गेल्यावर कॅट नुसता हातात राहू द्या, निवडणाऱ्याकडे बघून दोन वाक्यं बोला, आणि बोलता बोलता काटा. घाई गेली की तो कट आठवणीतूनही जातो. एवढं करूनही एखाद्या जादूत कट टोचतच असेल, तर त्या जादूचं नाव लिहून ठेवा. पासला कारण मिळालं.

आता आवाज आणि उडीबद्दल. दोन महिन्यांत ते जाणार नव्हतेच. तुम्ही बहुतेक वेग वाढवून ते झाकायला बघताय, आणि वेगानेच ते वाढतात. पासमध्ये दिसते ती अदलाबदल कमीच. खरी चुगली करतात त्याच्या आजूबाजूच्या गोष्टी. आधीच्या क्षणी ताठरणारं मनगट, अचानक थांबलेलं बोलणं, एकमेकांना घट्ट चिकटणारी उजव्या हाताची बोटं. आणि डोळे! पास करणारे कितीतरी जण नेमक्या त्याच क्षणी डोळे मिचकावतात, स्वतःच्याही नकळत. आरशासमोर सराव करणाऱ्याला म्हणूनच आपला पास निर्मळ वाटतो: जेव्हा चोरी झाली तेव्हा पहारेकऱ्याचे डोळे बंद होते. मोबाइल समोर, डावीकडे आणि जरा खाली ठेवून एकेकदा चित्रीकरण करा, मग बोलू.

शिवाय हे तंत्र एकदा कमावलं की कायमचं झालं, असं नसतं. महिनाभर हात लावला नाही की गंज चढतो. डबल अंडरकट वर्षाने केलात तरी येतो. म्हणजे पासची किंमत एकदा चुकवून भागत नाही, तो हप्ता पुढे चालूच राहतो, आणि तुमच्याकडे रोजचा अर्धा-पाऊण तास आहे.

त्या वेळेचं मी काय करेन? डबल लिफ्टकडे परत जाईन. "ते येतं" असं तुम्ही पहिल्याच यादीत टाकलंय, म्हणूनच मला शंका येते. एकच पत्ता उलटून दाखवताना तुमचा हात कसा जातो आणि दोन उलटताना कसा जातो, हे कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय? बहुतेकांचा एक पत्ता बेफिकीर उलटतो, कधी अंगठ्याने ढकलून, कधी कोपऱ्याला धरून. दोन मात्र काठोकाठ भरलेल्या वाटीसारखे जपून येतात. प्रेक्षकाला दोन पत्ते आहेत हे कळत नाही, पण या वेळी काहीतरी वेगळं आहे एवढं त्याच्या मनात नोंदलं जातं, आणि पुढचं सगळं तो त्या संशयाच्या चष्म्यातून बघतो.

यावर लोक डबल लिफ्ट सुधारत बसतात. मी म्हणतो, एकेरी पत्ता बदला. जी पकड दोन पत्त्यांना लागते, त्याच पकडीने एकेक पत्ता उलटायची सवय लावा. जादूत, रमी खेळताना, पेशन्स लावताना, सगळीकडे. काही आठवड्यांनी तुमचा हात एकच भाषा बोलायला लागेल. दुसरी गोष्ट तयारीची. दोन पत्ते वेगळे करून त्यांच्याखाली करंगळीची फट घेणं हे उलटण्याच्या क्षणी करायचं काम नाही. ते आधीच, लोक मागच्या चमत्कारावर हसत असताना व्हायला हवं. इस्पिकची राणी दिसली म्हणून सगळे ओरडतात तेव्हा कुणीही तुमच्या डाव्या हाताकडे बघत नाही. आणि उलटलेली जोडी परत कॅटवर ठेवताना कडा सरकतात, तेही बघा. निम्म्या डबल लिफ्ट जाताना नाही, परत येताना पकडल्या जातात.

हे झालं की एल्म्सली काउंट घ्या. अ‍ॅलेक्स एल्म्सली (1929–2006) हे ब्रिटिश गृहस्थ संगणकाच्या क्षेत्रातले. त्यांनी चार पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात एकेक मोजून दाखवायची अशी रीत काढली की मोजले चार जातात, पण त्यातल्या एकाचा चेहरा दिसतच नाही आणि दुसऱ्या एकाचा दोनदा दिसतो. सुरुवातीला तिला घोस्ट काउंट म्हणत. टेबल लागत नाही, अख्खा कॅट लागत नाही, लहान हातांना त्रास नाही, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या चार-पाच पत्त्यांच्या जादूंची मोजदाद करणं अवघड. नियमित सराव केला तर एक-दोन महिन्यांत ती माणसांसमोर नेण्याजोगी होते. घातलेल्या वेळेच्या मानाने इतकं देणारं दुसरं तंत्र मला चटकन आठवत नाही.

तुम्हाला वाटेल, हा माणूस अवघड गोष्टींच्या विरोधात आहे. तसं नाही. डाय व्हर्नन या जादूगाराची गोष्ट घ्या. 1922 साली शिकागोत हूडिनीला पत्त्याच्या जादूत ज्याने चकवलं, तोच हा व्हर्नन. 1932 मध्ये तुरुंगातल्या एका जुगाऱ्याकडून त्याने ऐकलं, की कुणीतरी कॅटच्या मधून पत्ते वाटतो. हे अशक्यच मानलं जायचं. व्हर्नन त्या माणसाच्या मागावर निघाला आणि मिझुरीतल्या प्लेझंट हिल या छोट्या गावात त्याला अ‍ॅलन केनेडी सापडला.

केनेडीने हा अचाट प्रकार हौस म्हणून केला नव्हता. लबाड जुगारी चांगले पत्ते कॅटच्या वर किंवा तळाशी जमवतो आणि तिथून स्वतःला वाटून घेतो. पण वाटण्याआधी दुसरा खेळाडू कॅट काटतो, आणि जमवलेले पत्ते मधे जाऊन बसतात. सगळी मेहनत एका कटने पाण्यात. केनेडीने उत्तर काढलं: मधे गेलेत ना, मग मधूनच वाटू. पैसे आणि हाडं, दोन्ही पणाला लागलेल्या माणसाचा तो प्रश्न होता आणि त्याला सोपं उत्तर सहजी मिळत नव्हतं. तिथे वर्षानुवर्षं घालवणं शहाणपणाचं, नैतिकता बाजूला ठेवली तर. तुमचा प्रश्न "पत्ता वर कसा आणू" एवढाच आहे, आणि त्याची दोन चांगली उत्तरं तुमच्या हातात आधीच आहेत.

नुसत्या आनंदासाठी शिकायचा असेल तर मात्र माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. फॅरो शफल शिकणारे कितीतरी जण ती प्रेक्षकांसमोर क्वचितच करतात. कॅटचे अचूक दोन भाग करून पत्त्याआड पत्ता गुंफायचा, वरचा पत्ता वरच ठेवायचा, असं बिनचूक आठ वेळा केलं की 52 पत्ते मूळ क्रमावर परत येतात. हे आपल्या हातून घडताना बघणं हेच त्याचं फळ. पासची अशी ओढ असेल तर झोपायच्या आधी पाच-दहा मिनिटं जरूर करा. फक्त ती मिनिटं जादूच्या सरावात धरू नका. तुमच्या पत्रात मला ओढीपेक्षा त्या ज्येष्ठांच्या वाक्याचा ओरखडा जास्त दिसला. चुकत असेन तर तुम्हालाच माहीत.

कोर्सचं थोडक्यात. "पूर्णपणे अदृश्य" हा शब्द जाहिरातीत आला की चित्रीकरण किती कोनांतून केलंय ते बघा. एकाच कोनातून असेल तर फक्त त्या कोनातून अदृश्य. पास सुरू होण्याआधी हात कोणत्या स्थितीत आहेत आणि संपल्यावर कुठे जातात, हे दाखवलंय का? पुष्कळ झलका पत्ता वर आल्या क्षणी कापलेल्या असतात, कारण पुढे अवघडलेली बोटं सोडवायची असतात. खरी माणसं समोर बसलीत आणि अख्खी जादू न तोडता दाखवलीय, असं एक तरी दृश्य हवं. हे नसेल तर तुम्हाला विकली जातेय ती एक चित्रफीत. तुम्ही वर्णन केलेल्या जाहिरातीत यातलं काहीच आलेलं नाही.

राहिले लहान हात. पोकर मापाचा पत्ता सुमारे 63 मिलिमीटर रुंद असतो, ब्रिज मापाचा 57; लांबी जवळपास सारखीच. पास आणि पाम (पत्ता तळहातात लपवणं) यांसारख्या आच्छादन लागणाऱ्या प्रकारांत हे सहा मिलिमीटर चांगलेच जाणवतात, तेव्हा पुढे कधी पासकडे वळलात तर ब्रिज मापाचा कॅट घेऊन बघायला हरकत नाही. अट एवढीच की मग जादूही त्याच कॅटने करायची. सरावाला एक माप आणि लोकांसमोर दुसरं, असं केलं की करंगळीची फट नेमकी ऐन वेळी हरवते. आणि पूर्ण प्लास्टिकचे गुळगुळीत पत्ते सुरुवातीला टाळा. नव्या हाताला ते आवरत नाहीत. डबल लिफ्टच्या सरावालाही हेच लागू, तो उद्यापासून.